मायला कॅन्सर निघाला तेव्हा



गटाची बैठक संपते, बचतीचे पैसे मोजून होतात, रजिस्टरवर सह्या-अंगठे होतात, तरी बाया लगेच उठत नाहीत. चहा येईपर्यंत जे बोलणं होतं, खरी बैठक तीच. मागच्या महिन्यात सुलतानपूरकडच्या एका गटात अशीच एक ताई मागं थांबली. सगळ्या गेल्यावर हळूच म्हणाली, "मायच्या मानेवरची गाठ तपासाले पाठवली. काय निघते त्याची लय भीती वाटते. निघालंच तर पयलं काय करू, तेवढं सांगा." उभ्या उभ्या जे सांगता आलं ते तिला सांगितलं. बाकीचं आज सगळ्यांसाठी सांगतो, कारण आमच्याही घरात हे होऊन गेलं आहे.

आम्ही म्हणजे आम्ही दोघी बहिणी. एक गटांचं काम बघणारी, दुसरी लोणारातच दिलेली. भाऊ गावी आई-आबांजवळ, वावर सांभाळून. तीन वर्षांपूर्वी पोळ्याला माहेरी गेलो. माय पुरण वाटताना दोनदा खाली बसली. अंगणात धुणं वाळत होतं, त्यात जुन्या लुगड्याच्या घड्या. वय अठ्ठावन्न, पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झालेली, मग ह्या घड्या कशाच्या? विचारलं तर म्हणाली, "उष्णता झाली." वहिनीनं स्वयंपाकघरात खरं सांगितलं. होळीपासून मायच्या अंगावरून लाल जात होतं. कधी थेंब, कधी जास्त, आणि वासाचं पाणी. एका डॉक्टरांनी तीनदा गोळ्या दिल्या, आतून तपासणी एकदाही केली नाही. मायनंही करू दिली नसती, हे तितकंच खरं.

बघा, आम्ही गावोगाव बायांना रक्त तपासा, हिमोग्लोबिन बघा म्हणून सांगत फिरतो, आणि आमचीच माय सहा महिने आमच्यापासून हे लपवत होती. त्या रात्री आम्ही दोघी ओसरीवर झोपलो होतो, पण झोपलो नाही.

म्हणून पहिली गोष्ट हीच. पाळी कायमची गेल्यावर अंगावरून एक थेंब जरी लाल गेलं, तरी ती पाळी परत आलेली नसते आणि उष्णताही नसते. पाळी चालू असलेल्या बाईला दोन पाळ्यांच्या मधे लाल गेलं, नवऱ्याजवळ गेल्यावर रक्त आलं, किंवा वास येणारं पाणी औषधानं थांबत नसलं, तर आतून तपासून घ्यायचंच. दर वेळी कॅन्सर निघतो असं नाही, बहुतेकींना दुसरंच काही असतं. पण ते बघितल्याशिवाय कळत नाही. गोळ्या देणाऱ्याला सरळ म्हणायचं, "आधी तपासा, मग गोळी द्या."

मायला आधी लोणारच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं आणि तिथून पुढं पाठवलं गेलं. गर्भपिशवीच्या तोंडाचा लहानसा तुकडा काढून तपासायला दिला. गावात लगेच सुरू झालं, "तुकडा काढला की रोग भडकतो, सुरी लागली की पसरतो." मैत्रिणींनो, असं काही नसतं. तुकडा तपासल्याशिवाय कॅन्सर आहे की नाही आणि कोणत्या जातीचा आहे, हे कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. तुकड्यामुळं रोग पसरत नाही. तुकड्याला भिऊन दोन महिने घरी बसणाऱ्या बाईचा रोग मात्र त्या दोन महिन्यांत वाढतो.

रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागले. रिपोर्ट आला त्या दिवशी आमच्या घरात जे झालं ते बहुतेक घरांत होतं. भाऊ म्हणाला, मायला सांगायचं नाही, ती धसका घेईल. आबा काही बोललेच नाहीत, उठून गोठ्यात गेले. मावशी म्हणाली, एका बुवाचं औषध आहे, एकवीस दिवसांत गाठ विरघळते. आम्हा दोघींना वाटलं सांगावं, पण सांगायचं कोणी? शेवटी ठरलं, "पिशवीला सूज आहे" एवढंच म्हणायचं.

माय शाळेत गेलेली नाही. पण गटाच्या साक्षरता वर्गात ती सही शिकली आणि अक्षरं जोडायला शिकली. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाच्या दारात आम्ही रिक्षातून उतरलो, भाऊ भाड्यासाठी सुटे शोधत होता, आणि माय पाटीकडं बघत उभी. बोट हवेत धरून वाचत होती. क, र्क, रो, ग. मग आमच्याकडं वळून म्हणाली, "कर्करोग म्हंजे क्यान्सरच ना व?" आम्ही तिघंही खाली बघत होतो. ती म्हणाली, "मले म्हाईत होतं. तुमी रडान म्हून म्या बोलली नाई." इतके दिवस आम्ही तिच्यापासून आणि ती आमच्यापासून एकच गोष्ट लपवत होतो.

म्हणून आमचं मत असं झालं आहे, की आजाऱ्याला सांगावं. एकदम सगळं ओतू नये. आधी विचारावं, "तुला काय वाटतं, कशाचा आजार आहे?" बहुतेकांना अंदाज असतो. मग जेवढं विचारतील तेवढं सांगावं, खोटं सांगू नये. न सांगता पुढं शेक आणि इंजेक्शनं कशी द्यायची? माणूस म्हणतं, सुजेला एवढं कशाला, मला घरी न्या. माहीत असलं की तेच माणूस त्रास सोसतं, कारण कशासाठी सोसतोय ते त्याला कळलेलं असतं.

आता ह्या रोगाबद्दल थोडं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर जवळजवळ नेहमी एका विषाणूमुळं होतो, त्याला एचपीव्ही म्हणतात. नवरा-बायकोच्या संबंधातून तो येतो, आणि तो इतका सर्रास आहे की बहुतेक लग्न झालेल्या बायांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो आणि शरीर त्याला आपोआप घालवतं. काही थोड्या जणींत तो टिकून राहतो आणि दहा-पंधरा वर्षांत तिथल्या पेशी बिघडत जातात. ह्यात चालचलणुकीचा काही संबंध नाही. आमच्या एका पाहुणीनं मायच्या उशाशी बसून तसला टोमणा मारला, तेव्हा आम्ही तिला हात धरून बाहेर आणलं. हा रोग शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं, लुगडी एकत्र धुतल्यानं लागत नाही. २०२२ सालच्या जागतिक अंदाजात भारतात एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार बायांना हा कॅन्सर झाला आणि जवळपास ८० हजार बाया दगावल्या. आणि हाच असा कॅन्सर आहे की जो होण्याआधी पकडता येतो. त्याचं शेवटी सांगतो.

मायचा रोग दुसऱ्या टप्प्यात, पण पिशवीच्या बाजूला सरकलेला होता. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करायचं नाही, शेक आणि इंजेक्शनं द्यायची. आबांनी तिथंच डोक्याला हात लावला. त्यांना वाटलं, ऑपरेशन नाही म्हणजे हात टेकले. हा गैरसमज आम्ही पुढं कितीतरी घरांत बघितला. खरं असं आहे, की ह्या जागेचा कॅन्सर पिशवीच्या बाहेर सरकला असेल तर शेक आणि सोबत इंजेक्शन हाच बरा करण्याचा उपचार आहे. ऑपरेशन अगदी सुरुवातीच्या टप्प्यात करतात. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं ते हे: हा उपचार बरं करण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी? दोन्हींचं उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारायचं. आम्ही विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं, बरं करण्यासाठी.

शेक म्हणजे काय, तर मशीनखाली झोपवून किरणं देतात. आठवड्यात पाच दिवस, असे पाच आठवडे. एका वेळी काही मिनिटंच लागतात, दुखत नाही, भाजत नाही. ओटीपोटावर शाईच्या खुणा करतात. माय पहिल्याच दिवशी त्या घासून पुसायला निघाली होती. त्या पुसायच्या नसतात, रोज त्याच खुणांवर मशीन लावतात. आठवड्यातून एकदा सलाइनमधून केमोचं इंजेक्शन. शेवटी आतून शेक, म्हणजे पिशवीच्या तोंडाशी नळी बसवून किरणं देतात. तो आतला शेक काही जणी लाजेनं, भीतीनं टाळतात. तो टाळला तर केलेला सगळा उपचार अर्धवट राहतो.

बाहेरचा शेक घेऊन आलेल्या बाईच्या अंगातून किरणं बाहेर पडत नाहीत. नातवंडाला मांडीवर घेता येतं. आमच्या वहिनीनं आठ दिवस लेकराला मायजवळ जाऊ दिलं नव्हतं, तेही तिला कुणीतरी सांगितलं म्हणून. माय त्याच्यानं जेवढी खचली तेवढी इंजेक्शनानं खचली नाही.

सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. हा पूर्ण उपचार, बाहेरचा आणि आतला शेक धरून, आठ आठवड्यांच्या आत संपवायचा असतो. मधे खंड पडला तर उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढायला लागतात आणि उपचाराचा गुण कमी होतो. आमचा शेक घटस्थापनेनंतर सुरू झाला. म्हणजे मधे दसरा, सोयाबीनची सोंगणी आणि दिवाळी, तिन्ही. सोंगणीला मजूर मिळेना, भाऊ संभाजीनगरात अडकलेला, वर ढग आलेले. तो म्हणाला, मायला आठ दिवस घरी नेऊ, सोंगणी उरकू, दिवाळीही घरी होईल. वहिनीचंही तेच म्हणणं, आणि तिचं चुकत नव्हतं, वर्षाचं पीक वावरात उभं होतं. आमचं त्यावरून फोनवर भांडण झालं, दोन दिवस भाऊ बोलला नाही. मग गटातल्या बायांनी मार्ग काढला. सात जणी आणि दोघींचे नवरे असे तीन दिवसांत सोंगणी करून आले. मजुरी आम्ही नंतर दिली, काहींनी घेतली, काहींनी आपल्या वावरात तेवढेच दिवस फेडून घेतले. लक्ष्मीपूजन रुग्णालयाजवळच्या भाड्याच्या खोलीत झालं, एक पणती आणि बत्तासे. रुग्णालयाच्या सुट्टीचे तेवढे दिवस सोडले तर मायचा एकही शेक चुकला नाही.

तुमच्या घरी अशी वेळ आली तर उपचाराच्या तारखा घेऊन आधीच कॅलेंडरवर मांडा. पेरणी, सोंगणी, लग्न, कुणाची परीक्षा, सगळं त्यावर लिहा आणि कोणत्या दिवशी सोबत कोण हे ठरवा. आजाऱ्याजवळ एकच माणूस महिनाभर ठेवू नका, ते माणूसही आजारी पडतं. आम्ही आठवड्याची पाळी लावली होती.

ह्या दिवसांत होणारे त्रासही आधीच माहीत असावेत. मायला तिसऱ्या आठवड्यापासून जुलाब लागले, लघवीला आग, तोंडाची चव गेली, आणि थकवा असा की वेणी घालायलाही हात उचलेना. हे शेकामुळं होतं आणि शेक संपल्यावर हळूहळू कमी होतं. जुलाबात भात, पातळ वरण, ताक, केळ असं सोसवेल ते द्यायचं. तिखट, तेलकट, कच्च्या भाज्या थोडे दिवस बाजूला. पाणी भरपूर आणि उकळून गार केलेलं. इंजेक्शनाचा भार किडनीवर येतो, म्हणून पाण्याकडं दुर्लक्ष नको. तिला मिळणाऱ्या इंजेक्शनानं केस फारसे जात नाहीत. दुसऱ्या काही औषधांनी जातात आणि परत येतात. अंडं, डाळ, दूध, मासा बंद करा असं कोणत्याही डॉक्टरनं आम्हाला सांगितलं नाही, गावातल्या पाहुण्यांनी मात्र सगळंच बंद करायला सांगितलं. मायचं हिमोग्लोबिन सातवर होतं, शेकाआधी रक्ताच्या पिशव्या द्याव्या लागल्या. त्यात खाणं तोडून कसं चालेल? केमो चालू असताना १०० च्या वर ताप किंवा थंडी वाजून आली तर घरी गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. अशा वेळी अंगातली ताकद कमी झालेली असते आणि साधा ताप जिवावर बेततो.

बुवाच्या औषधाचं काय झालं, ते विचाराल. मावशी पुडी घेऊन आलीच होती. आम्ही भांडलो नाही. पुडी डॉक्टरांना दाखवली. ते म्हणाले, ह्यात काय आहे मला माहीत नाही, आणि इंजेक्शनासोबत किडनी-लिव्हरवर काय होईल सांगता येत नाही. मावशीला तेवढंच सांगितलं आणि पुडी देवापुढं ठेवून दिली. मायनं कमळजा देवीला नवस बोलला होता, त्याला कुणी अडवलं नाही. नवसानं उपचारात खंड पडत नाही. एक मात्र झालं. कातडी काळी पडून सोलवटली तेव्हा शेजारणीनं तळ्याचं पाणी बाटलीत भरून आणलं, अंगाला लाव म्हणाली. आपल्या लोणारच्या तळ्याचं पाणी खारं आणि सोड्यासारखं तीव्र असतं. शेक घेतलेल्या नाजूक कातडीवर ते लावणं म्हणजे भाजल्यावर धुण्याचा सोडा लावणं. तिथं तेल, हळद, पावडर, गरम पिशवी, काहीच लावायचं नाही. सैल सुती कपडा घालायचा आणि डॉक्टर देतील तेच मलम लावायचं.

पाहुण्यांचं एक वेगळं प्रकरण आहे. भेटायला येतात प्रेमानंच, पण बसल्या बसल्या सांगतात, "आमच्या नणंदेच्या सासूलेही हाच होता, तीन महिन्यांत गेली." आम्ही शेवटी दारातच सांगायला लागलो, मायजवळ पिकापाण्याचं बोला, नातवाचं बोला. एका आजीनं तर येऊन नुसती मेथी निवडून दिली आणि गेली. तिच्याइतकी चांगली भेट दुसऱ्या कुणाची झाली नाही.

आता पैशाचं. आमच्या भागात कॅन्सर म्हटला की आधी वावर विकायची भाषा निघते. आबाही एक एकराचं गिऱ्हाईक बघायला लागले होते. थांबा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचा शेक, केमो आणि ऑपरेशन बसतं. आमच्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, जुलै २०२४ पासून ती ५ लाख झाली आहे, आणि पिवळं, केशरी, पांढरं कोणतंही रेशनकार्ड चालतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, पैसे भरण्याआधी त्याच्याकडं जायचं. आधी बिल भरून मग योजनेत बसवा म्हटलं तर होत नाही. फोन करून विचारायचं असेल तर १५५३८८ आणि आयुष्मान भारतचा १४५५५ हे नंबर लिहून ठेवा.

कागदावर आमचे चार दिवस गेले. आधारकार्डावर मायच्या नावापुढं 'बाई' होतं, रेशनकार्डावर नव्हतं. एवढ्यावरून चकरा. म्हणून आजच घरी जाऊन आपापल्या माय-बापाचं आणि सासू-सासऱ्यांचं आधार आणि रेशनकार्ड शेजारी ठेवून बघा. नाव, वय, स्पेलिंग जुळतं का, रेशनकार्डात नाव आहे का, कार्ड ऑनलाइन झालं आहे का. निरोगी असताना हे काम दोन चकरांत होतं. आजारपणात त्याचा डोंगर होतो. सगळ्या रिपोर्टांच्या तीन-तीन झेरॉक्स काढा आणि मूळ कागद एकाच पिशवीत, एकाच माणसाकडं.

योजनेत न बसणारा खर्चही असतो. सोबतच्या माणसाचं जेवण, खोली, रिक्षा, बुडालेली मजुरी. आमचा हाच खर्च जास्त झाला. गटानं २० हजार अंतर्गत कर्ज दिलं, सावकाराकडं जावं लागलं नाही. एसटीच्या साध्या गाडीत कॅन्सरच्या रुग्णाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. रेल्वेत स्लीपर आणि थ्री टायर एसीला रुग्णाचं भाडं लागत नाही, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात जावं लागलं तर जालन्याहून थेट गाड्या आहेत. राहण्यासाठी दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, कॅन्सरच्या रुग्णांचाच तिथं जास्त वावर असतो. आपल्याच वऱ्हाडातल्या बाबांच्या नावानं मुंबईत आपल्या माणसाला पाठ टेकायला जागा मिळते, हे आम्हाला तिथं जाऊन आलेल्यांनी सांगितलं तेव्हा बरं वाटलं. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो, तिथल्या ताई-दादांना न लाजता विचारायचं. आणि आजारामुळं कमावता येत नसेल, वय ६५ च्या आत असेल, उत्पन्न कमी असेल, तर संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये करता येतो, त्यात कर्करोगाचं नाव आहे.

सगळ्यांचा शेवट आमच्या मायसारखा होत नाही, हेही बोलायला हवं. हिरडवच्या बाजूच्या एका गटातल्या ताईच्या वडिलांना तोंडाचा कॅन्सर होता. आयुष्यभर तंबाखू-चुना, वर खर्रा. गालातला पांढरा चट्टा दोन वर्षं होता, तोंड दोन बोटांवर उघडत नव्हतं, तरी दात दुखतो म्हणून चालढकल. शरद पवार साहेबांना २००४ साली तोंडाचा कॅन्सर निघाला, उपचार झाले आणि ते पुढं वीस वर्षांवर राजकारण करत राहिले. आर. आर. आबा पाटील २०१५ साली ह्याच रोगानं गेले. वेळेवर सापडणं आणि न सापडणं ह्यात किती फरक पडतो ते तिथं दिसतं, जरी प्रत्येकाचा रोग वेगळा असला तरी.

त्या ताईच्या वडिलांना डॉक्टरांनी सांगितलं, आता बरं होणार नाही, दुखणं कमी ठेवू. घरच्यांनी ऐकलं ते एवढंच, की आता काही करता येत नाही, आणि घरी आणून ठेवलं. म्हातारा रात्र रात्र ओरडायचा. आम्ही गेलो तेव्हा ताई म्हणाली, "देवानं लवकर न्यावं असं तोंडात येते, मग सोतालेच मारून घ्यावं वाटते." मैत्रिणींनो, हे वाटणं पाप नाही. थकलेल्या माणसाला असं वाटतं. पण दुखणं सोसतच मरायचं असंही नाही. अशा वेळी दुखण्यासाठी मॉर्फिनची गोळी असते. ती डॉक्टर ठरवतात तशी वेळेवर दिली तर माणूस झोपतो, बोलतो, दोन घास खातो. व्यसन लागेल म्हणून ती अडवू नये. कॅन्सर रुग्णालयात आणि जिल्हा रुग्णालयात 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणून विचारायचं, म्हणजे वेदना कमी करणारी सेवा. ती गोळी मिळाल्यावर ते शेवटचे पाच आठवडे ओरडले नाहीत. एक दिवस त्यांनी नातीला जवळ बसवून वावराच्या बांधाचा सगळा इतिहास सांगितला. ताई अजून ते सांगताना हसते.

आणि सांभाळणारीचं काय? लेक असो की सून, तिला कुणी विचारत नाही. आमच्या वहिनीनं घर, म्हशी, लेकरं, आबा आणि येणारे-जाणारे, सगळं एकटीनं ओढलं, आणि कौतुक झालं ते आम्हा लेकींचं, दवाखान्यात होतो म्हणून. हे आम्हाला उशिरा कळलं. सुनेचा वाटा मोठ्यानं बोलून दाखवा. गटात अशी बाई असेल तर तिची म्हैस दोन दिवस दुसरीनं दोहावी, तिला एक दुपार झोपू द्यावं. बचतीचा हप्ता दोन महिने पुढं ढकलायचा ठराव बैठकीत घेता येतो, आम्ही घेतला होता.

माय आता बरी आहे. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी तपासणी झाली, आता सहा महिन्यांनी बोलावतात. ह्या तपासण्या चुकवायच्या नसतात, बरं वाटत असलं तरी. वावरात जाते, पण ओझं उचलत नाही.

आता ते होण्याआधी पकडण्याचं. आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर खेड्यातल्या बायांना घेऊन मोठा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा त्यात होतं. २००९ साली निष्कर्ष आला, की आयुष्यात एकदा जरी एचपीव्हीची तपासणी झाली, तरी त्या गटात ह्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्म्यानं कमी झाले. आपल्यासारख्याच बाया होत्या त्या, वावरात जाणाऱ्या. सरकारी तपासणीत तिशीनंतरच्या बायांचं तोंड, स्तन आणि पिशवीचं तोंड बघतात. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं पातळ औषध लावतात, बिघडलेला भाग मिनिटभरात पांढरा दिसतो. पाच मिनिटांचं काम. डाग सापडला तर तो तिथंच काढता येतो, कॅन्सर व्हायच्या आधी. आणि ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ साली आली. मुलीच्या लसीबद्दल आशाताईला आणि आरोग्य केंद्रात विचारा.

तपासणीसाठी नावं आपापल्या आशाताईकडं द्या. पाळीचे दिवस सोडून या, आणि आदल्या दोन दिवसांत आत कोणतंही औषध किंवा गोळी ठेवू नका. एकटीला लाज वाटते तर पाच-सहा जणी मिळून या. मागच्या वेळी आमच्या गटातल्या अकरा जणी गेल्या होत्या, माय सोबत आली होती. खोलीच्या दाराशी बसून ती एकेकीला आत ढकलत होती, आणि जी आढेवेढे घेत होती तिला म्हणत होती, "जाय व, मले सहा महिने लाज वाटली होती."